सही करण्यापूर्वी
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



इंग्रजी का शिकावे यावर आपण पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. मी आज मोठे काही सांगणार नाही. बँकेच्या खिडकीपाशी आणि प्रवासाच्या वाटेवर लागणाऱ्या चार वाक्यांबद्दल बोलणार आहे.

माझे वडील जहाजावर खलाशी होते. नऊ नऊ महिने घराबाहेर असत. 1974 साली त्यांनी आईचे नाव घालून बँकेत संयुक्त खाते उघडले. "आता तुला कोणापुढे हात पसरायला नको," असे सांगून ते बोटीवर गेले. जून महिन्यात आई आमच्या फीचे पैसे काढायला गेली, तर स्लिप परत आली. दोघांच्या सह्या पाहिजेत, असे कारकुनाने सांगितले. खाते उघडण्याच्या फॉर्मवर 'जॉइंटली' या शब्दापुढे खूण होती. फॉर्म भरून देणाऱ्याने ती केली होती आणि वडिलांनी खाली सही केली होती. पासबुकावर आईचे नाव होते, पण तिच्या हाती काही नव्हते. त्या वर्षीची फी तिने बांगड्या गहाण ठेवून भरली.

बँकेने नियमच पाळला. आमचा एक शब्द चुकला. 'जॉइंटली' म्हणजे दोघांनी मिळून. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, आणि एक न राहिल्यास मागे राहील तो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिल्या नावाचा माणूस हयात असेतो फक्त त्यानेच व्यवहार करायचा, त्याच्यामागे दुसऱ्याने. ज्या घरातला कर्ता माणूस बोटीवर किंवा आखातात आहे, त्या घरातल्या गृहिणीला या तिन्हींतला फरक तोंडपाठ हवा.

म्हणून मी म्हणतो, सुटे शब्द पाठ करू नका. संपूर्ण वाक्य शिका, आणि ते कोणत्या प्रसंगी बोलतात तेही शिका. 'सेव्ह फॉर अ रेनी डे' याचा शब्दशः अर्थ पावसाच्या दिवसासाठी साठवा. इंग्रजाला तेथे अडचणीचा दिवस म्हणायचा असतो. आपण पावसाची वाट पाहणारी माणसे. पण मिरगाआधी लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या कोकणी बाईला ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो, इंग्रज कापड पाहून कोट बेततो: 'कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ.' शहाणपण एकच, वस्तू निराळी. अशी जोडी जुळवली की म्हण विसरत नाही.

आता प्रवासाकडे वळू. विमानतळावर अधिकारी विचारतो, 'हाऊ लाँग आर यू स्टेइंग?' 'लाँग' म्हणजे लांब एवढेच ठाऊक असलेला मुलगा गोंधळतो. प्रश्न मुक्कामाचा आहे. 'फॉर टू वीक्स' एवढे उत्तर पुरते. तिकिटावर 'नॉन-रिफंडेबल' असेल तर प्रवास रद्द केल्यास भाडे परत मिळत नाही, हे पैसे देण्याआधी कळावे. 'एमिग्रेशन' म्हणजे देशाबाहेर जाऊन राहणे, 'इमिग्रेशन' म्हणजे दुसऱ्या देशात येऊन राहणे. उच्चारात एका अक्षराचा फरक आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी नोंद येते, आणि ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. मुलाला नववीतून काढून परदेशी धाडण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

हे शिकायचे कसे? एक वही करा. रोज एक वाक्य लिहा आणि खाली तो प्रसंग मराठीत लिहा. मग दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने कारकून व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक. मोठ्याने बोला, चुका, हसा, पुन्हा बोला. महिन्याला तीस वाक्ये होतील. आणि ही वही घरी आईला व बहिणीला वाचून दाखवा.

पहिल्या पानावर मात्र एकच वाक्य असू द्या: 'कुड यू प्लीज एक्स्प्लेन धिस?' कृपया हे समजावून सांगाल का? हे विचारण्यात कमीपणा नाही. बँकेत मराठी फॉर्म मागण्यातही नाही. प्रादेशिक भाषेत फॉर्म ठेवावेत, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचनाच आहे. आज बँक मोबाइलवर आली आहे आणि सहीच्या जागी 'आय अ‍ॅग्री' हे बटण आले आहे. म्हणजे 'मला मान्य आहे'. काय मान्य आहे हे कळल्याशिवाय त्यावर बोट ठेवू नका.

पुढे वडिलांनी रजेवर आल्यावर खात्याचा प्रकार बदलून घेतला. त्या दिवशी फॉर्मवरील प्रत्येक ओळीचा अर्थ आईने विचारला आणि मगच सही केली. तिला इंग्रजी येत नव्हते, विचारणे येत होते. तुम्हाला दोन्ही यावे, एवढी सदिच्छा.