मुक्ताचा निबंध आणि आमच्या मुलांचा इंग्रजीचा तास
(झिंज, बहारीन येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविलेला विषय तसा साधा आहे. आपली मुले दर शुक्रवारी सकाळी येथे झिंजमध्ये अभ्यासवर्गाला जमतात. त्यांतील काही भारतीय मंडळाच्या शाळांत शिकतात, काही अमेरिकन पद्धतीच्या शाळांत. परीक्षा जवळ आली की अमेरिकन साहित्यातील अभिजात ग्रंथांची उजळणी आणि त्यांवरील निबंध हे दोन डोंगर त्यांच्यापुढे उभे राहतात. ते कसे चढावेत, यावर मी चार शब्द बोलावेत अशी अपेक्षा आहे. मी प्राध्यापक नव्हे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकलो आणि पोटापाण्यासाठी येथे येऊन हिशेबाच्या वह्या सांभाळू लागलो, एवढीच माझी पात्रता. मात्र मिलिंदच्या त्या वातावरणात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य हा परका विषय नव्हता. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी त्या साहित्याकडे आमच्या आधीच्या पिढीचे लक्ष वेधले होते, आणि जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवरील पुस्तक आम्ही पाळीपाळीने वाचले होते.

आपण ज्या भागात बसलो आहोत त्याच्या नावाविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो. अरबी लिपीत 'झिंज' ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी जुने अरब भूगोलकार आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांचे नाव लिहीत असत. बसऱ्याजवळच्या दलदलीत जमिनीवरचा खारट थर खरवडून काढण्यासाठी जुंपलेल्या या गुलामांनी इ. स. ८६९ मध्ये बंड केले आणि ते ८८३ पर्यंत चालले. वस्तीच्या नावाचा त्या बंडाशी संबंध जोडण्याचा माझा आग्रह नाही. पण फ्रेडरिक डग्लसचे पुस्तक मुलांपुढे उघडताना हा शब्द माझ्या कानात घुमतो, हे खरे.

डग्लसच्या पुस्तकापासूनच सुरुवात करू. १८४५ साली बोस्टनमध्ये प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन आपल्या मुलांनी परीक्षेत असो वा नसो, वाचलेच पाहिजे. मालकीणबाईंनी त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला आणि मालकाने ते तात्काळ बंद पाडले. गुलाम वाचू लागला तर तो गुलाम म्हणून निरुपयोगी होईल, हे मालकाला पक्के ठाऊक होते. डग्लस म्हणतो त्याचा आशय असा, की त्या बोलण्यातूनच मला स्वातंत्र्याची वाट सापडली. पुढे त्याने बाल्टिमोरच्या रस्त्यांवर गरीब गोऱ्या पोरांना घरच्या भाकरीचा तुकडा द्यावा आणि बदल्यात धडा घ्यावा. गोदीत लाकडांवर सुतारांनी खुणेसाठी लिहिलेली अक्षरे पाहून तो लिहावयास शिकला. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी शाळेच्या ओट्याखाली बसून अक्षरे गिरविली, त्यांना हे प्रकरण समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. डग्लस सभांतून इतके प्रभावी बोलत असे, की हा मनुष्य कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने पुस्तकात मालकांची नावे, गावांची नावे, स्थळे, प्रसंग सारे उघड लिहिले. तो पळून आलेला गुलाम होता; नावे दिल्यामुळे त्याला पकडून परत नेण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून त्याला आयर्लंड-इंग्लंडला जावे लागले आणि तेथील मित्रांनी १८४६ मध्ये दीडशे पौंड जमवून त्याची कायदेशीर सुटका विकत घेतली. विद्यार्थीमित्रांनो, शिक्षक तुमच्या निबंधावर 'पुरावा द्या' असा शेरा मारतात तेव्हा तुम्हाला तो जाच वाटतो. डग्लसने त्या शेऱ्याची किंमत मोजली होती.

आता मुक्ताबद्दल. १८५५ हे वर्ष अमेरिकन साहित्याच्या इतिहासात मोठे मानले जाते. वॉल्ट व्हिटमनचा 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' त्या वर्षी प्रथम निघाला. डग्लसचे दुसरे आत्मकथनही त्याच वर्षीचे. आदल्या वर्षी थोरोचे 'वॉल्डन' आले होते, आणि मिसेस स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही १८५२ ची. याच १८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'च्या दोन अंकांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे पत्र अमेरिकन मराठी मिशनचे. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले. म्हणजे डग्लस, व्हिटमन आणि मुक्ता यांचे शब्द एकाच वर्षी छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्यांतील आपल्या मुलीचा शब्द अमेरिकन लोकांनी चालविलेल्या पत्रातून. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामीविरुद्ध लढलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिकन साहित्य हा आमच्या मुलांना मागाहून चिकटविलेला अभ्यासक्रम आहे, असे मी का मानत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

मुक्ताचा निबंध शाळकरी निबंध म्हणून वाचून पाहा. त्यात प्रश्न आहे: वेद आमचे नाहीत म्हणता, तर आमचा धर्म कोणता? त्यात पुरावा आहे: पेशवाईत कोणाला काय सोसावे लागले, बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्परही नसे, हे ती प्रसंगाने सांगते. 'प्राचीन काळापासून मानव दुःखी आहे' अशा वाक्याने ती सुरुवात करीत नाही. आपल्या वर्गातील निबंधांपैकी निम्मे तरी अशाच वाक्याने सुरू होतात.

बाबासाहेबांचा दाखला दिल्यावाचून मला राहवत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. हादेखील वर्गासाठी लिहिलेला निबंधच होता. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या ते एकेक घेतात, प्रत्येकीत काय ग्राह्य आणि काय उणे हे दाखवितात, आणि मग स्वतःचे प्रतिपाद्य मांडतात. तुमच्या शिक्षिका ज्याला 'थीसिस' म्हणतात तो हा. आधी दुसऱ्याचे म्हणणे प्रामाणिकपणे सांगा, मग आपले सांगा. दुसरे उदाहरण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' याचे. परदेशी माणसाला अस्पृश्यता समजत नाही म्हणून बाबासाहेबांनी तेथे सिद्धान्त न सांगता प्रसंग सांगितले: मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुले, त्यांना न्यायला तयार नसलेले गाडीवाले, दुप्पट भाडे देऊन स्वतः हाकलेली बैलगाडी. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना याहून उपयुक्त नमुना मला ठाऊक नाही.

उरलेल्या ग्रंथांबद्दल थोडक्यात बोलतो. 'हकलबरी फिन'मधील एक शब्द वर्गात मोठ्याने वाचावा की नाही यावर अमेरिकेत अजून वाद होतात. जातीचे नाव शिवी म्हणून ऐकलेल्या घरांना त्या वादाचे मर्म लवकर कळेल. पण हे विसरू नका, की तो शब्द हकच्या तोंडी आहे, आणि हकला जे दिसत नाही ते मार्क ट्वेन वाचकाला दाखवितो. पळालेल्या जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र लिहून हक ते फाडून टाकतो, ते प्रकरण दोनदा वाचावे. थोरोविषयी माझे मत जरा तिखट आहे. सव्वीस महिने तो तळ्याकाठी झोपडीत राहिला, झोपडीचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट आला हे हिशेबनीस म्हणून मला आवडते; पण स्वखुशीने गावाबाहेर राहणे आणि गावकुसाबाहेर ठेवले जाणे यांतला फरक आपल्या मुलांनी निबंधात मांडावा. त्याने गुलामीला आणि मेक्सिकोवरील युद्धाला विरोध म्हणून कर नाकारला आणि एक रात्र तुरुंगात काढली, हेही त्याच निबंधात यावे. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) वर निबंध मागितला की सगळी मुले वकील ॲटिकसची थोरवी लिहितात. मी वर्गात विचारले, टॉम रॉबिन्सनच्या बायकोचे नाव काय? कोणाला सांगता आले नाही. तिचे नाव हेलन. उद्धारकर्त्याची कथा आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याची कथा एकच नसते. 'ग्रेट गॅट्सबी'तील हिरव्या दिव्याचा अर्थ बाजारातील मार्गदर्शिकेतून उतरविण्यात आता मौज उरलेली नाही. संगणकच अख्खा निबंध लिहून देतो. पण तो तुमच्या आजीला ओळखत नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मागील वर्षी माझ्या मुलीला डग्लसच्या आत्मकथनातील साक्षरतेवर निबंध लिहावयाचा होता. निबंध चांगला होता. शेवटच्या परिच्छेदात तिने तीन वाक्ये लिहिली होती: माझे पणजोबा गावच्या शाळेत वर्गाबाहेर बसत, त्यांची पाटी मास्तर हातात घेत नसत, आणि तरीही ते सही करावयास शिकले. मी लाल पेन घेतले आणि ती तिन्ही वाक्ये खोडली. 'प्रश्नात हे विचारलेले नाही,' असे तिला सांगितले. ते कारण खोटे होते. तिच्या वर्गात मराठी मुले आहेत, त्यांच्या घरी आमचे जाणे-येणे आहे, आणि अठरा वर्षांत तेथे आमची जात कोणी विचारली नाही व आम्ही सांगितली नाही. मी व्यासपीठावरून बाबासाहेब सांगतो आणि घरी पणजोबा खोडतो.

तिने वाद घातला नाही. निबंध स्वच्छ लिहून दिला, गुणही उत्तम मिळाले. काही दिवसांनी शुक्रवारच्या वर्गासाठी डग्लसची तयारी करीत असताना तिने एवढेच विचारले, "पप्पा, त्याने नावे लिहिली तेव्हा त्याला पकडून नेतील अशी भीती होती. आपल्याला कोण पकडून नेणार आहे?"

याचे उत्तर तितके सोपे नाही, हे येथे बसलेल्या पालकांना माहीत आहे. भाड्याचे घर, कार्यालयातील वरिष्ठ, मुलांची मैत्री, उद्या होणारी सोयरीक, या सर्वांवर त्या तीन वाक्यांचा परिणाम होऊ शकतो. मुलीने ते लिहावेच, असा आदेश मी तिला देणार नाही. कारण वर्गात एकटी बसणार आहे ती, मी नव्हे. पण न लिहिण्याचा निर्णय तिचा असावयास हवा होता, तो मी घेतला. माझी चूक ती.

यंदा ती बारावीला आहे. तिच्या इंग्रजीच्या 'व्हिस्टाज' या पुस्तकात एक धडा आहे, त्याचे दोन भाग आहेत. पहिला झिटकाला-सा या अमेरिकेतील मूळनिवासी लेखिकेचा. निवासी शाळेत तिचे लांब केस कापण्यासाठी तिला पलंगाखालून ओढून काढले आणि खुर्चीला बांधले, त्याची ही आठवण १९०० साली 'अटलांटिक मंथली'मध्ये आली होती. दुसरा भाग तमिळ दलित लेखिका बामा यांचा: रस्त्यावरून एक वडीलधारा माणूस वड्यांचा पुडा दोरीला धरून, हात न लागू देता नेतो, ते पाहून लहान बामाला हसू येते, आणि घरी भाऊ त्याचा अर्थ सांगतो तेव्हा तिचे हसू मावळते. अमेरिकेची ती मुलगी आणि आपली ही मुलगी एकाच धड्यात शेजारी बसविल्या आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांनी उत्तर दिले होते. ते शेजारपण आता शाळेच्या पुस्तकात आले आहे.

या धड्यावर दोन्ही लेखिकांची तुलना करून निबंध लिहावयाचा होता. माझ्या मुलीने तो लिहून शाळेत दिला. देण्यापूर्वी तिने मला दाखविला नाही, आणि मीही मागितला नाही.

पुढील शुक्रवारी वर्ग सकाळी साडेनऊला भरेल. डग्लसच्या प्रती आपल्या ग्रंथकपाटात आहेत, मुक्ताच्या निबंधाच्या छायाप्रती मी आणीन. मुलांनी एक कोरी वही आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून लिहिलेला शाळेचा एक प्रसंग आणावा. गावी फोन करावा लागला तर जरूर करावा. आपल्या वेळेपेक्षा तेथे अडीच तास पुढे असतात, एवढे लक्षात ठेवावे.

जय भीम.