जुन्या मोटारीचे दिवे

काही वर्षांपूर्वी एका रात्री चिपळूणहून कऱ्हाडला जाताना कुंभार्ली घाटाच्या ऐन वळणावर माझ्या जुन्या मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे एकाएकी विझले. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मागे झोपलेली दोन मुले. गाडी कशीबशी कड्याला लावून मी दार उघडले, तो छतातला इवलासा दिवा मात्र लख्ख पेटला! त्या दिव्याने मला काय सांगितले, हे समजण्याइतके ज्ञान त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. तेच आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

२०१४ साली उत्पादन थांबलेली ॲम्बॅसडर घ्या, की त्याआधीच बंद झालेली पद्मिनी घ्या; अशा गाड्यांतील विजेची रचना साधी असते. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यापासून एक तार दिव्याकडे जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. मेकॅनिक मंडळी हिलाच ‘अर्थ’ म्हणतात.

छताचा दिवा साधारण ५ वॉटचा. दाराच्या चौकटीत दट्ट्याचे एक बटण असते. दार उघडले की दट्ट्या बाहेर येतो आणि परतीची वाट जुळते. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले की तेथे गंज धरतो आणि दिवा मुका होतो. बटण काढून, ते बसते ती जागा पॉलिश पेपरने घासली की बहुधा काम भागते. दार लोंबले असेल, तर उलटा प्रकार: दट्ट्या पुरता दाबला जात नाही व दिवा रात्रंदिवस जळत राहतो. ४० अँपिअर-तासांची बॅटरी अशाने चार दिवसांत रिकामी होते.

पुढच्या दिव्यांचे दुखणे याहून गंभीर. ६० वॉटचे दोन दिवे म्हणजे १० अँपिअर प्रवाह, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत हा सारा भार डॅशबोर्डावरच्या स्विचमधून जातो. आतले संपर्क काळवंडले, स्प्रिंग सैल झाली, आणि तेथे अवघा एक-दशांश ओहम विरोध निर्माण झाला, तरी एक व्होल्ट वाटेतच हरवतो व काड्यापेटीएवढ्या स्विचमध्ये १० वॉट उष्णता कोंडते. मी तर हौसेने १०० वॉटचे बल्ब बसविले होते! प्रवाह वाढला पावणेदोन पटींहून थोडा कमी. उष्णता मात्र पावणेतीन पट. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविण्याचे पाप वेगळेच.

तेव्हा दिवे मंदावले की लगेच बल्ब विकत घेऊ नयेत. इंजिन बंद ठेवून पुढचे दिवे लावावेत, दार उघडावे आणि छताकडे पाहावे. तो दिवाही लालसर होऊन बसला, तर बॅटरी किंवा तिची टर्मिनले तपासावीत. तो खणखणीत जळत असून पुढचे दोन्ही दिवे मंद असतील, तर संशयित स्विच. काही मिनिटांनी त्याला बोट लावून पाहावे. चटका बसला की चौकशी संपली. एकच दिवा मंद असेल, तर त्या बाजूची अर्थची तार पाहावी.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची गाडीच्या अंगाला जोडलेली तार आधी सोडवावी. नवा स्विच बसविताना बॉनेटखाली रिलेही बसवून घ्यावा. मग स्विचमधून अँपिअरचा लहानसा अंशच वाहतो. खरा भार रिले उचलतो, आणि त्याला फ्यूजसह स्वतंत्र जाड तार देता येते. जळक्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. गाडीला आग लागण्याची ती उत्तम सोय होय.

त्या रात्री वीस मिनिटांनी स्विच थंड झाला आणि दिवे आपोआप परत आले. कोयनानगर येईपर्यंत प्रत्येक वळणावर माझा एक हात हॉर्नवर होता. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात मला दोन नवे बल्ब बसवून मिळाले. मीही समाधानाने पैसे दिले. चौथ्या रात्री दिवे पुन्हा गेले. सुदैवाने तेव्हा गाडी घराच्या फाटकाशी होती.