विज्ञानकथा कृष्णाकाठची



सांगलीच्या या व्याख्यानमालेत साताऱ्याच्या एका वाचकाला बोलावून तुम्ही विज्ञानकथेवर बोलायला सांगितलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी आयुष्यभर विज्ञानकथा वाचत आलो आहे. तिच्याविषयी माझी काही ठाम मतं आहेत. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिलं मत असं, की हा साहित्यप्रकार आपल्याला परका नाही. कराडजवळचं टेंभू हे गाव आगरकरांमुळे आपल्याला ठाऊक आहे. त्याच गावात 1853 साली कृष्णाजी नारायण आठल्ये जन्मले. पुढे ते कोचीला गेले आणि 1886 मध्ये तिथून त्यांनी 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक सुरू केलं. त्या मासिकात 1900 सालापासून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद 'चंद्रलोकची सफर' या नावाने क्रमशः येऊ लागला. मराठी विज्ञानसाहित्याचा आरंभ अनेक अभ्यासक तिथून धरतात. राइट बंधूंचं विमान उडायला अजून तीन वर्षं होती, आणि मराठी वाचक चंद्राकडे निघाला होता!

दुसऱ्या टप्प्याचा धागाही कराडशी जुळतो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. नावाचा दबदबा बाजूला ठेवून केवळ कथेचा निवाडा व्हावा, हा त्यामागचा हेतू. पुढच्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या कथेची आवर्जून दखल घेतली. 2021 साली नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. आज ते आपल्यात नाहीत, पण त्यांनी घातलेली वाट मोकळी आहे.

आता चांगली विज्ञानकथा कोणती, याबद्दल. केवळ यंत्रांची वर्णनं असलेली कथा मला आवडत नाही. पात्रांच्या तोंडी पाठ्यपुस्तकातला धडा घालणारी तर मुळीच नाही. चांगली विज्ञानकथा जगातली एकच गोष्ट बदलते आणि त्या बदलाचा माग शेवटपर्यंत, माणसाच्या घरापर्यंत काढते. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवा. 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर? एवढाच बदल. त्यातून वेगळी मुंबई उभी राहते, वेगळं राज्य उभं राहतं, आणि इतिहासाचे प्राध्यापक त्या मुंबईत हिंडून येतात. पानिपतावर आपण अडीचशे वर्षं हळहळलो. या कथेने त्या हळहळीतून कारण आणि परिणाम यांचा विचार काढला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांना मी याच कसोटीवर वाचतो, आणि त्यांच्या उत्तम कथा त्या कसोटीला उतरतात.

याच कारणाने मी पुष्पक विमानाला विज्ञानकथा म्हणत नाही. पुराणकथांवर माझं प्रेम आहे, त्या माझ्या रक्तात आहेत. पण विमान कशावर चाललं, ते कुणी घडवलं, सामान्य माणसाला ते मिळालं का, हे प्रश्न ती कथा विचारत नाही. 'हे कसं घडलं?' आणि 'मग पुढे काय?' हे दोन प्रश्न विज्ञानकथेचे प्राण आहेत.

रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. ते नांगर पुढे 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून गावोगाव गेले. त्यानंतर कित्येक दशकांनी चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाऊस हुकला, आणि पवनचक्क्या ढग पळवतात असं लोक बोलू लागले. त्या माणसांना मी अडाणी म्हणणार नाही. ज्याचं पीक डोळ्यांदेखत जळतं, तो कारण शोधणारच. पण शोध पहिल्या कारणापाशी थांबला की फसगत होते. पातं जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरच्या आत फिरतं, पावसाचे ढग कैक किलोमीटर उंच चढतात आणि त्यांना आणणारे वारे समुद्रापलीकडून येतात. हा हिशेब मांडायची सवय हवी. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ती सवय लोकांना लावण्यासाठी आयुष्य वेचलं आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यासाठीच प्राणही दिले. विज्ञानकथा तीच सवय गोष्टीच्या ओढीने लावते.

उलट उदाहरणही आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. दख्खनचा खडक स्थिर आहे, असा तोवर समज होता. माणसाने अडवलेलं पाणी जमिनीखालच्या भेगांवर परिणाम करू शकतं, ही एखाद्या कादंबरीत शोभावी अशी कल्पना शास्त्रज्ञांनी गंभीरपणे तपासली. आज जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करणारं जग कोयनेचं नाव घेतं. पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. व्हर्नने पृथ्वीच्या पोटातला प्रवास कागदावर केला, आपल्या डोंगरात तो ड्रिलने झाला. तरी त्यावर मराठीत एकही मोठी कादंबरी माझ्या वाचनात आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि महापूर? आयर्विन पुलाशी 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, हे सांगलीतलं लहान मूलही सांगतं. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं. वाचनालयातली जुनी पुस्तकंही त्यात भिजली. नारळीकरांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो. एका शास्त्रज्ञाने आधीच सांगितलेलं असतं, पण ऐकायला कुणी तयार नसतं. पुराच्या दिवसांत मला ती कथा पुन्हापुन्हा आठवली. आपत्ती येण्यापूर्वी ती मनात एकदा जगून पाहणं, हे या साहित्याचं फार मोठं सामाजिक काम आहे. घर कुठे बांधायचं, नदीच्या पात्रात किती शिरायचं, हे निर्णय 'मग पुढे काय?' असं विचारूनच व्हायला हवेत.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. ग्रंथालयांनी विज्ञानकथा बालविभागाच्या कपाटातून बाहेर काढावी आणि कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवावी. ती मुलांना आवडते हा तिचा गुण आहे, पण ती प्रौढांसाठीही आहे. दुसरी मागणी या व्याख्यानमालेकडे. दरवर्षी सातारा आणि सांगली मिळून एक विज्ञानकथा स्पर्धा घ्या. लेखकाचं नाव झाकून कथा तपासा आणि विषय आपले ठेवा. टेंभूतून उपसलेलं कृष्णेचं पाणी आज टप्प्याटप्प्याने चढून आटपाडीच्या माळाला पोचतं. पन्नास वर्षांनी तो माळ कसा असेल? हळदीचं, द्राक्षाचं काय होईल? पाण्यावर हक्क कुणाचा असेल? हे प्रश्न ज्यांच्या वाट्याला येणार आहेत, ती मुलं आज तुमच्या शाळांत बसलेली आहेत. एका स्पर्धेने मराठीला नारळीकर हा कथाकार दिला. दुसरी स्पर्धा आपण भरवू. पहिल्या वर्षीच्या बक्षिसाची रक्कम देण्याची जबाबदारी मी आज इथेच जाहीरपणे स्वीकारतो. बाकीचं तुम्ही उचला.