भूगोल कशाला घ्यायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय मीच मागून घेतला, आणि त्याचे कारण घरातलेच आहे. माझी नात यंदा दहावी झाली. अकरावीला भूगोल घेणार म्हणाली, तेव्हा घरात सर्वांनी तिला वेड्यात काढले. दहावीपर्यंत तो सगळ्यांनाच असतो. पुढे हौसेने कोण घेतो? "नद्या पाठ करून पोट भरते का?" असे तिचे वडील म्हणाले. खरे सांगते, पहिल्या दिवशी मीही त्यांच्याच बाजूला होते.

त्या रात्री ती मला म्हणाली, "आजी, आपले दोन्ही बोअर कोरडे का गेले?" मी म्हटले, "नशीब, बाई." ती म्हणाली, "आजी, त्याला खडक म्हणतात."

मग तिने समजावून सांगितले. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. या खडकात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या मुरमात. म्हणून एका बांधाला विहीर भरते आणि पलीकडे नुसती धूळ उडते. भगिनींनो, त्या दोन बोअरांपायी माझ्या पाटल्या गेल्या. घरात एकाला जरी हे आधी कळते, तरी आम्ही कोणा जाणत्याला विचारून मगच यंत्र आणले असते.

आपल्या आष्टीइतका भूगोल दुसरीकडे कुठे शिकायला मिळेल? अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपल्यापर्यंत उरलासुरला पाऊस येतो. सीनेचे पाणी भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. शेजारच्या पाटोद्याच्या डोंगरातून निघालेली सिंदफणा मात्र गोदावरीला जाते. एकाच जिल्ह्याच्या पावसाला बालाघाटाने दोन वाटा करून दिल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात असे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतेच्या शेते खरवडून नेली. आपण दोन्ही पाहिले. दरसाल आपल्या जिल्ह्यातील माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात, तीही जिथे धरणाकालव्याचे पाणी आहे तिकडेच. हे सारे आपण भोगतो. मुलीला त्याची कारणे जाणून घ्यायची आहेत, तर तिला अडवावे का?

कोणी म्हणेल, हे बायकांचे काम नव्हे. अण्णा मणी या पदार्थविज्ञानाच्या बाई १९४८ पासून हवामान खात्यात पुण्यास होत्या. ऊन, वारा, पाऊस मोजण्याची उपकरणे आपल्या देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी मोठे काम केले.

भूगोल घेतला की नोकरी ठेवलेलीच आहे, असे मात्र मी सांगणार नाही. वैद्यकीला किंवा इंजिनिअरिंगला जायचे तर त्यांचे ठरलेले विषय लागतातच. त्यांच्या जोडीला भूगोल मिळतो का, हे कॉलेजात आधी विचारावे. पण शिक्षिका व्हायला, स्पर्धा परीक्षांना, उपग्रहांवरून नकाशे करण्याच्या नव्या कामाला तो उपयोगी पडतो. आष्टीहून नगरला रेल्वे २०२२ साली सुरू झाली, २०२५ मध्ये ती बीडला पोहोचली. त्या रुळांखालच्या जमिनीचा चढउतारही कोणीतरी आधी मोजलाच होता. उद्या असे मोजणाऱ्यांत आपली एखादी लेक का नसावी?

परवा तिच्या वडिलांनीच तिचा अर्ज भरून दिला. मी एक अट घातली: पहिला नकाशा गावातील विहिरींचा काढायचा, कुठली केव्हा आटते ते त्यात लिहायचे. ते सांगायला आपल्यासारख्या पाणी वाहिलेल्या बायकाच हव्यात. पोर वही घेऊन दारात आली, तर तिला चहा द्या आणि खरी माहिती द्या, एवढीच विनंती करून मी माझे चार शब्द पुरे करते.