सांडव्याची उंची कोण ठरवणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



लोहाऱ्यात बसून पुराविषयी बोलावे, हे पन्नास वर्षांपूर्वी कोणाला खरे वाटले नसते. उमरग्यातून वेगळा निघालेला हा तालुका दुष्काळाच्या यादीतला. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडून जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा त्या काळात विस्तार झाला, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो अंमलात आला. या कामांतूनच ओढ्यानाल्यांवर मातीचे बांध आणि पाझर तलाव उभे राहिले. हे सारे पाणी धरून ठेवण्यासाठी होते. पुढे ऑक्टोबर 2020 आला, सप्टेंबर 2025 आला, आणि ज्या जिल्ह्याने पाण्याची वाट पाहिली त्या जिल्ह्याची पिके मातीसकट वाहून गेली. आता तेच बांध पूरही आवरतील, असे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

थोडा हिशेब मांडू. समजा, एका तलावाचे पाणलोट क्षेत्र पाच चौरस किलोमीटर आहे. त्यावर एका रात्री 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि निम्मे पाणी मुरले, तरी अडीच लाख घनमीटर पाणी ओढ्याला येते. तलाव एक लाख घनमीटरचा आणि कोरडा असेल, तर पहिले एक लाख त्याच्या पोटात राहते व खालच्या वस्तीला काही घटकांची उसंत मिळते. हाच पाऊस सप्टेंबरअखेर, तलाव तुडुंब असताना आला, तर बांध जवळजवळ नसल्यासारखाच. सारे पाणी सांडव्यावरून जाणार, आणि सांडवा अरुंद असेल तर बांधाच्या माथ्यावरून. दगडी बांधावरून पाणी गेले तर तो बहुधा तग धरतो. मातीचा बांध मात्र आधी माथ्यावर चिरतो, मग खचतो, आणि मग साठलेले पाणी पुराच्या पाण्यात मिळून एकदम खाली येते. म्हणजे पुराला आवर घालणारा बांधच पूर वाढवतो.

दुष्काळाला तलाव भरलेला हवा असतो, पुराला तो रिकामा हवा असतो. हा विरोध अभियंत्याच्या नकाशावर दिसतो तितका निरागस नाही. तलाव भरलेला कोणाला हवा? ज्याची विहीर बांधाच्या खाली आहे, ज्याचा ऊस त्या विहिरीवर उभा आहे, त्याला. तो हवा यात गैर काही नाही. परंतु परतीच्या पावसाआधी सांडव्यावर दगड-माती रचून पाण्याची पातळी हातभर वाढवण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो, आणि त्या हातभर पाण्याचा धोका ओढ्याकाठी झोपडी असलेला मजूर उचलतो. ज्याने घमेली वाहून तो बांध घातला, त्याच्या वाट्याला पाणी नाही. फुटला तर पूर मात्र आहे. अर्थशास्त्रात याला लाभ खाजगी आणि जोखीम परक्याची असे म्हणतात. गावात त्याला काही नाव नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

सांडव्याचे दैन्य योजनेच्या हिशेबातही रुजलेले आहे. अशा कामांत साठ टक्के खर्च मजुरीवर व्हावा, हे बंधन योग्यच होते. ते काढा असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. तथापि मातीचा भराव मजुरीत बसतो, दगड-सिमेंटचा सांडवा साहित्यात जातो. साहजिकच ओढ राहते ती भराव उंच करण्याकडे, सांडवा रुंद करण्याकडे नव्हे. देखभाल तर कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही.

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात 1948 पासून केवळ पुरासाठी असे छोटे मातीचे बांध घातले गेले. त्यांच्या पोटात नळ असतो. पूर थोपवायचा आणि काही दिवसांत संथपणे सोडून पुन्हा जागा मोकळी करायची. 1954 च्या कायद्याने केंद्राने बांधावे व स्थानिक संस्थेने सांभाळावे असे ठरले. बांध म्हातारे झाले तेव्हा 2000 मध्ये दुरुस्तीसाठी निराळा कायदा करावा लागला. श्रीमंत देशालाही जे आपोआप जमले नाही, ते आपल्या ग्रामपंचायतीला जमेल असे आपण गृहीत धरतो.

आपला 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू होतो. माकणीच्या निम्न तेरणा धरणाला दरवाजे आहेत, विसर्गापूर्वी तेरणाकाठच्या गावांना इशारा जातो. त्याच तालुक्यातील दहा मीटरहून कमी उंचीच्या बांधापर्यंत या कायद्याची टेप पोहोचत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे मातीचे लघुधरण फुटून सुमारे वीस माणसे गेली. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले. खेकड्यावर निदान बदलीचा हुकूम काढता येत नाही, एवढी सोय होती!

पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी जमिनीच्या मानाने न देता कुटुंबातील माणसांच्या मानाने दिले, भूमिहीनाला वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. त्या पाणीपंचायतीचा प्रश्न वाटपाचा होता. तोच न्याय जोखमीला लावता येईल. सांडव्याची पातळी दगडात कोरून ठेवावी. ती ठरवणाऱ्या ग्रामसभेत ओढ्याकाठची वस्ती हजर असल्याशिवाय ठराव होऊ नये. मे महिन्यात बांधावरची झुडपे काढणे, उंदरांची बिळे बुजवणे, सांडवा मोकळा करणे हे काम रोजगार हमीतच घ्यावे आणि ते त्याच वस्तीतील मजुरांना द्यावे. आपल्या शाखांनी यंदा प्रत्येक गावच्या बांधावर जाऊन सांडव्यावर रचलेले दगड तरी मोजावेत.

पूर ओसरल्यावर पंचनामा होतो. त्यात पिकाचे हेक्टर लिहिले जातात, खरडलेली जमीन लिहिली जाते, पडलेले घर लिहिले जाते. पीक गेल्यामुळे ज्याची सोयाबीनची काढणी बुडाली, त्या मजुराचे दिवस लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.