ओंजळीतील राजधन

(श्रीलंकेतील प्राचीन नगरांच्या यात्रेस निघणाऱ्या कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीलंकेच्या यात्रेचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. अनुराधपूर, मिहिंतले, सिगिरिया, पोलोन्नरुवा, दांबुल्ला आणि शेवटी कँडी. मार्गदर्शक सकाळी लवकर उठवतो, प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास देतो. स्तूप पाहून होतात, छायाचित्रे काढून होतात आणि बस पुढे निघते. दोन स्थळांच्या मधल्या प्रवासात खिडकीबाहेर एकामागून एक तलाव सरकत असतात. पाण्यात उभे असलेले बगळे, काठावर कपडे धुणाऱ्या स्त्रिया, पलीकडे भाताची हिरवी खाचरे. हे तलाव निसर्गाने केलेले आहेत, असे समजून प्रवासी डोळे मिटतो. वास्तविक, ज्यासाठी एवढा प्रवास केला ते सारे वैभव याच पाण्यावर उभे होते. स्तूप पाहिला आणि तलाव पाहिला नाही, तर यात्रा अर्धीच झाली असे म्हणावे लागेल.

लंकेचा उत्तर-मध्य भाग कोरडा आहे. पावसाळ्याचे काही महिने धो-धो पाऊस आणि उरलेले वर्ष कडक ऊन, असा तेथील ऋतुक्रम. अशा प्रदेशात हजाराहून अधिक वर्षे राजधानी नांदली, हजारो भिक्षूंचे विहार चालले, याचे रहस्य ‘वेवा’ या एका शब्दात आहे. वेवा म्हणजे मातीचा बांध घालून अडविलेला तलाव. हा सिंहली शब्द पाली ‘वापी’वरून आला. संस्कृत जाणणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटू नये.

सोपाऱ्याहून लंकेकडे

मराठी यात्रिकाला या भूमीशी जोडणारा धागा पुष्कळ जुना आहे. लंकेचा पाली इतिहासग्रंथ ‘महावंश’ सांगतो की, सिंहली राजवंशाचा मूळ पुरुष विजय लंकेला पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात उतरला होता. सुप्पारक म्हणजे वसईजवळचे सोपारे. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तेथेच सापडले. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची आणि त्याच्या लंकाविजयाची कथा भिंतभर रंगविलेली आहे. आख्यान आणि इतिहास यांची सरमिसळ मान्य केली, तरी दोन किनाऱ्यांमधले जाणे-येणे किती जुने आहे, हे यावरून दिसते.

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अशोकपुत्र महिंद मिहिंतलेच्या टेकडीवर आला आणि देवानंपिय तिस्स राजाने धर्म स्वीकारला. महिंदाची भगिनी संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली. अनुराधपुरात लावलेला तो वृक्ष आजही उभा आहे. मानवाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदलेल्या वृक्षांत तो जगातील सर्वांत प्राचीन मानला जातो. याच तिस्स राजाने नगरासाठी तिस्सवेवा बांधविला, हे मात्र मार्गदर्शक क्वचितच सांगतो. वृक्ष आणि तलाव एकाच राजाच्या कारकिर्दीत आले, हा योगायोग नव्हे. झाड लावणाऱ्याला पाण्याची चिंता करावीच लागते.

वैभव आणि विवेक

अनुराधपूरचे स्तूप थक्क करणारे आहेत. तिसऱ्या शतकात महासेन राजाने आरंभिलेला जेतवनाराम स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. विटांनी बांधलेल्या जगातील सर्वांत मोठ्या वास्तूंत त्याची गणना होते. पण याच महासेनाने मिन्नेरियाचा विशाल तलावही बांधविला. स्तूप काळाच्या ओघात ढासळला, रानाने वेढला. मिन्नेरियाचे पाणी आजही शेते भिजविते. लोकांनी महासेनाला ‘मिन्नेरियाचा देव’ म्हणून पुजले ते स्तूपासाठी नव्हे, तलावासाठी.

रुवनवेलि स्तूप दुटुगेमुणू राजाचा. दक्षिणेतून आलेल्या एळार या तमिळ राजाने अनुराधपुरावर ४४ वर्षे राज्य केले होते. त्याच्याशी द्वंद्वयुद्ध करून दुटुगेमुणूने राज्य मिळविले. परंतु शत्रू पडल्यावर त्याने त्याचे अंत्यसंस्कार सन्मानाने केले, स्मारक उभारले आणि त्या जागेवरून जाताना वाद्ये बंद ठेवावीत अशी आज्ञा दिली. ज्या ग्रंथाने विजेत्याची थोरवी गायिली, त्याच ‘महावंशा’ने एळाराच्या न्यायीपणाचीही नोंद केली.

हा प्रसंग आज विशेषत्वाने आठवावा. १४ मे १९८५ रोजी लिट्टेच्या दहशतवाद्यांनी याच नगरात, महाबोधीच्या प्रांगणातही, शंभराहून अधिक नि:शस्त्र माणसांना ठार केले. २५ जानेवारी १९९८ रोजी कँडीच्या दंतधातू मंदिरावर बॉम्बहल्ला झाला. २००९ साली संपलेल्या त्या युद्धात सिंहली घरे उजाडली आणि तमिळ घरेही उजाडली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला पराभूताच्या समाधीपुढे वाद्य थांबवावेसे वाटले, ही गोष्ट त्या बेटाच्या स्मृतीत आहे. जखमा भरायच्या तर अशाच स्मृती उपयोगी पडतात.

पिता आणि पुत्र

आता सिगिरियाकडे वळू. घनदाट रानातून सुमारे दोनशे मीटर उभी उठलेली ही शिळा. पायथ्याशी कारंजी असलेली जलोद्याने, अर्ध्या उंचीवर अजिंठ्याची आठवण करून देणाऱ्या स्त्रियांची चित्रे, माथ्यावर राजवाड्याचे अवशेष. तेथील ‘आरसा भिंती’वर शतकानुशतके प्रेक्षकांनी आपल्या भावना कोरून ठेवल्या, त्यांतील ६८५ लेखांचे वाचन सेनरत परणवितान यांनी करून १९५६ साली प्रसिद्ध केले. जलोद्यानातील कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. प्रत्येक सहलीचा हा उत्कर्षबिंदू असतो.

परंतु हा किल्ला बांधणारा कश्यप राजा पितृघातकी होता. त्याचा पिता धातुसेन. परकीय सत्ता उलथवून त्याने पाचव्या शतकात राज्य सावरले आणि कालावेवा हा प्रचंड तलाव बांधविला. तेथून अनुराधपूरच्या तिस्सवेवापर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा नेला. पहिल्या सतरा मैलांत या कालव्याचा उतार मैलाला अवघा सहा इंच आहे. आधुनिक उपकरणे नसताना हे कसे साधले, याचे अभियंत्यांना आजही नवल वाटते.

धातुसेन निष्कलंक नव्हता. रागाच्या भरात त्याने स्वत:च्या बहिणीला जाळविले, असे ‘चूलवंश’ सांगतो. त्या बहिणीचा मुलगा सेनापती होता. त्याने सूडबुद्धीने कश्यपाला पित्याविरुद्ध उठविले. राज्य गेले, राजा कैदेत पडला. बापाने खजिना धाकट्या मोग्गल्लानासाठी दडवून ठेवला आहे, असे कश्यपाच्या मनात भरविण्यात आले. धन दाखव, असा तगादा सुरू झाला. तेव्हा, मला कालावेवाला न्या, तेथे दाखवितो, असे राजाने कळविले.

मोडक्या रथातून त्याला नेण्यात आले. वाटेत सारथ्याने आपल्याजवळचे भाजलेले धान्य राजाशी वाटून खाल्ले. तलावाशी पोहोचल्यावर राजा पाण्यात उतरला, मनसोक्त नाहला, पाणी प्याला. मग ओंजळीत पाणी घेऊन त्याने शिपायांना सांगितले की, माझे जे काही धन आहे ते एवढेच.

कश्यपाला हे उत्तर कळले नाही. त्याने पित्याला जिवंतपणी भिंतीत चिणविले आणि स्वत: भयापोटी त्या शिळेवर जाऊन राहिला. अठरा वर्षांनी, इ. स. ४९५ मध्ये, मोग्गल्लान भारतातून सैन्य घेऊन परतला आणि कश्यपाचा अंत झाला. मुलाची राजधानी एका पिढीपुरती टिकली. बापाचा तलाव पंधराशे वर्षांनंतरही पाणी देत आहे. सहलीच्या कार्यक्रमात सिगिरियासाठी अर्धा दिवस असतो आणि कालावेवासाठी दहा मिनिटेही नसतात, यात पाहणाऱ्याच्याच दृष्टीची परीक्षा आहे.

तलाव राजाचा की गावाचा?

पोलोन्नरुवात बाराव्या शतकातील पराक्रमबाहूचा ‘पराक्रम समुद्र’ आहे. आकाशातून पडणारा एकही थेंब लोकांच्या उपयोगी पडल्यावाचून सागराला मिळू नये, हे त्याचे धोरण होते. याच नगरात गल विहाराच्या अखंड शिळेत कोरलेल्या शांत बुद्धमूर्ती आहेत आणि चोळांच्या काळातील दगडी शिवालयही आहे. राजराज चोळाच्या राणीचे नाव धारण करणारे हे देवालय नगरातील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक होय. दांबुल्ल्याच्या गुंफांत बुद्धमूर्तींसमवेत विष्णू आणि गणेश आहेत. कँडीत दंतधातू मंदिराशेजारी विष्णूचे देवालय आहे. पूजेच्या परंपरा तेथे एका अंगणात नांदल्या.

तेराव्या शतकात कलिंगाच्या माघाचे आक्रमण झाले, राजसत्ता दक्षिणेकडे सरकली, बांध फुटत गेले आणि फुटक्या तळ्यांच्या प्रदेशात हिवताप शिरला. नगरे रानाने गिळली. तरीही अनेक गावांनी आपले लहान तलाव जिवंत ठेवले. ही व्यवस्था पाहण्यासारखी आहे. एका ओढ्यावर साखळीसारखे तलाव. वरच्याचे वापरून झालेले पाणी खालच्यात. वरच्या अंगाला गाळ अडविणारी झाडी, बांधाखाली क्षार शोषणारी झाडी. पाणी सोडताना त्याचा जोर आवरण्यासाठी बांधात ‘बिसोकोटुव’ नावाची चौकोनी विहीर. दरवर्षी गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे हे गावाचे सामाईक कर्तव्य. इंग्रजी राजवटीने १८३२च्या सुमारास सक्तीच्या राजसेवेची प्रथा रद्द केली. त्या प्रथेत जुलूम होता, हे खरे. पण तिच्याबरोबर तलावाची सामाईक निगाही सैल झाली आणि तिची जागा घेणारे काही लगेच उभे राहिले नाही. पुढे त्याच राजवटीला कालावेवासारखे मोठे तलाव दुरुस्त करावे लागले. या साखळी-तलावांच्या ग्रामव्यवस्थेला २०१७ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने वारसा म्हणून मान्यता दिली.

सक्ती गेली हे योग्यच झाले. परंतु सक्तीने होणारे काम स्वेच्छेने करावयाचे, तर त्यासाठी समाजाची सवय लागते, संघटन लागते. राजा बांध घालू शकतो. दरवर्षीचा गाळ गावालाच काढावा लागतो.

म्हणून यात्रेस निघालेल्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. कार्यक्रमात नसले तरी मार्गदर्शकाला विनंती करून कालावेवाच्या बांधावर बस थांबवावी. मुलांना खाली उतरवून धातुसेनाची गोष्ट तेथेच सांगावी. त्याचे गुण सांगावेत, दोषही सांगावेत. मग मुलांना ओंजळीत पाणी घेऊ द्यावे. आणि परतल्यावर स्वत:च्या गावचे तळे कोण राखतो, त्याचा गाळ शेवटचा कधी काढला, याची एकदा चौकशी करावी.