डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात तेव्हा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत, म्हणून मी जरा कामाचं बोलतो. 25 वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये सकाळी स्कूटरला किका मारल्याचा आवाज यायचा. आज तिथे इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असतात, आणि त्यांच्यावरून सभेत आवाज चढतात. गेल्या वर्षीचा वाद सगळ्यांना आठवत असेल. त्याचं कारण मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

बी विंगमधलं एक कुटुंब गणपतीला रेल्वेने गावी गेलं. गाडी तीन आठवडे इथेच उभी. परत आल्यावर गाडी चालू केली तर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकू लागले. ब्रेक, स्टिअरिंग, बॅटरी, एकेक चिन्ह पेटतंय, विझतंय. गाडीची बॅटरी तर 70 टक्के भरलेली! वर्कशॉपने सांगितलं, डॅशबोर्डचं अख्खं युनिट बदला. खर्च पाच आकडी. इकडे सोसायटीत कुजबुज सुरू झाली की हे सगळं चार्जिंग पॉइंटमुळे होतंय, आज दिवे लुकलुकतात, उद्या आग लागेल. पॉइंट काढून टाकण्याचा ठराव यायच्या बेतात होता.

मी काही इंजिनिअर नाही. पण शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्यांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मीटर लावून आकडे लिहून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हे आधी लक्षात घ्या. मोठी, साधारण 300 ते 400 व्होल्टची, चाकं फिरवते. दुसरी छोटी, 12 व्होल्टची, बहुतेक गाड्यांत नेहमीची लेड-अॅसिड. डॅशबोर्ड, दिवे, दरवाजांची लॉकं हिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीची वीज गाडीत सोडणारे स्विचसुद्धा ही छोटीच ओढते. बँकेच्या भाषेत, स्ट्राँगरूममध्ये कोटी रुपये आहेत, पण किल्ली छोटीकडे. किल्लीवाला आला नाही तर काउंटर उघडत नाही. गाडी चालू झाली की डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचं यंत्र मोठीतून छोटीला वीज देत राहतं.

मी त्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला, दिवे चार्जिंगला लावल्यावरच लुकलुकतात की रस्त्यावरही? तो म्हणाला, "काका, हायवेवरसुद्धा." म्हणजे पॉइंटवर ठपका ठेवायला आधार नाही. दुसरा प्रश्न, फक्त डॅशबोर्ड की हेडलाइट आणि आतला दिवाही? सगळेच. फक्त डॅशबोर्ड असता तर त्याचा फ्यूज, मागचा प्लग किंवा सॉफ्टवेअर बघायचं. सगळेच दिवे डोलतात तेव्हा दोष सगळ्यांना वीज देणाऱ्या जागी असतो.

मग मीटर लावला. रात्रभर बंद असलेल्या गाडीत छोट्या बॅटरीवर 11.8 व्होल्ट. निरोगी, भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12 च्या खाली म्हणजे खात्यात खडखडाट. गाडी 'रेडी' केल्यावर तारेच्या पकडीवर 14 व्होल्ट आले, म्हणजे कन्व्हर्टर शाबूत. मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरी त्याच टर्मिनलच्या पकडीवर ठेवली. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आला अर्ध्या व्होल्टच्या वर, आणि तोही नाचणारा. पकड सैल, आत पांढरी-हिरवी भुकटी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हे होतंच.

बॅटरी रिकामी का झाली? डॅशकॅम. गाडी उभी असतानाही तो रेकॉर्डिंग करत होता. काही गाड्या उभ्या असताना छोटी बॅटरी आपणहून भरून घेतात, सगळ्या नाही.

नाक्यावरच्या बॅटरीवाल्याने गाडी बंद करून, चार्जर काढून, आधी निगेटिव्हची पकड सोडली. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनलं धुतली, कोरडी केली, पकडी घट्ट बसवल्या, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. बॅटरी चार वर्षांची होती, चार्ज धरेना, म्हणून नवी घातली. काही हजारांत काम झालं. डॅशकॅम गाडीबरोबर बंद होईल असा जोडून घेतला. दिवे त्या दिवसापासून स्थिर आहेत.

ठराव आलाच नाही. चार्जिंग पॉइंटचं अर्थिंग आणि आरसीसीबी मात्र परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतलं. ते दरवर्षी व्हायलाच हवं, दिवे लुकलुकोत वा न लुकलुकोत.

एक गोष्ट बजावून सांगतो. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्या मोठ्या बॅटरीच्या. त्यांना कुणीही हात लावायचा नाही, बॅटरीवाल्यानेही नाही. ते काम फक्त प्रशिक्षित माणसाचं. गाडी वॉरंटीत असेल तर छोटी बॅटरी बदलण्याआधीही कागद वाचा.

बँकेत आम्ही व्हाउचर बघितल्याशिवाय एन्ट्री करत नसू. शेजाऱ्यावर किंवा त्याच्या पॉइंटवर ठपका ठेवण्याआधी तेवढंच करा, आकडा बघा. माझा मल्टिमीटर मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवलाय. रजिस्टरमध्ये सही करून न्या, आणि आठवणीने परत आणून ठेवा.